बारा काचांचा वसंत

पूल

फेब्रुवारीतला शुक्रवार, पहाटेची वेळ. अहिल्याबाई होळकर पुलाच्या कठड्याशी तुम्ही उभे आहात. खाली गोदावरीवर धुक्याचा पातळ थर तरंगतो आहे आणि पंचवटीकडचे कळस त्यातून वर डोकावत आहेत. अंगात स्वेटर आहे, पण दहा वाजेपर्यंत तो काढून हातावर घ्यावा लागेल हे तुम्हाला ठाऊक आहे. निफाडकडे पहाटेचं दव अजून गव्हावर गोठल्यासारखं बसतं आणि इकडे मळ्यातल्या आंब्यांना मोहोर धरला आहे. हेच टिपायला तुम्ही आला आहात. थंडी सरते आणि वसंत लागतो, ते वळण.

गेल्या पाच मिनिटांत फोनवर चाळीस फोटो काढून झाले. मागच्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला जाऊन पाण्यावरून उठणारे पक्षी टिपले. एका संध्याकाळी गंगापूर धरणाच्या काठी सूर्यास्त टिपला, दुसऱ्या दिवशी अंजनेरीचा कडा. सगळे फोटो देखणे आहेत आणि एकातही ते वळण नाही. धुक्याचा फोटो हिवाळ्याचा आहे, मोहोराचा फोटो वसंताचा. मधलं काहीतरी प्रत्येक वेळी बोटांतून निसटतं.

तुम्ही फोन खिशात टाकता आणि जुन्या नाशकाच्या बाजूला चालू लागता. पूल काही फार लांब नाही. पण निम्म्यावर आल्यावर मागच्या गाड्यांचा आवाज विरत जातो, हवेतला धूर बदलतो. डिझेल जाऊन शेणाच्या गोवऱ्यांचा वास येतो. खिसा एकदम हलका लागतो आणि खांद्यावर ओझं येतं. एक लाकडी पेटी, काळं कापड, तीन पायांची घडवंची आणि चामड्याच्या पिशवीत जपून ठेवलेल्या बारा काचा. पायाखालचा दगड तोच आहे. दुसऱ्या टोकाला पोचता तेव्हा पुलाचं नाव मात्र व्हिक्टोरिया पूल आहे, साल १९१४ आहे आणि महिना माघ.

माघ

थंडी खरी काय असते ते इथे कळतं. घाटावर उतरताना दगडी पायऱ्यांचा गारवा वहाणांतून वर चढतो. कोणी शेकोटीशी बसलेलं आहे, कोणी कुडकुडत रामकुंडाकडे निघालं आहे, आणि पाण्यात बुडी मारून वर येणाऱ्या प्रत्येक तोंडातून वाफ निघते आहे. वर गंगापूरचं धरण नाही. ते पुरं व्हायला अजून पन्नासेक वर्षं आहेत. पावसाळ्यानं दिलेलं पाणी नदी आपल्या चालीनं उन्हाळ्यापर्यंत पुरवते, त्यामुळे माघातच तिचे खडक उघडे पडू लागले आहेत.

तुम्ही नारोशंकराच्या मंदिरासमोरच्या काठावर जागा शोधता. पलीकडे १७४७ साली बांधलेलं ते काळ्या दगडाचं मंदिर, त्याची तटबंदी, कोपऱ्यांवरच्या छत्र्या, आणि वसईच्या विजयाची आठवण सांगणारी ती मोठी घंटा. तुमच्या बाजूला एक पायरी आहे, जिचा डावा कोपरा फुटलेला आहे. तिच्यावर घडवंची उभी करता, पेटी चढवता, डोक्यावर काळं कापड ओढून घेता.

आत दुसरंच जग आहे. दुधी काचेवर नदी वर आहे आणि आकाश खाली. नारोशंकराचे कळस जमिनीकडे लोंबत आहेत, बायका डोक्यावर चालत पाण्याला जात आहेत. पहिल्यांदा गरगरतं. मग लक्षात येतं की चित्र उलटं असल्यामुळे तुम्ही देऊळ पाहणं विसरला आहात आणि उजेड पाहू लागला आहात. कुठे तो जाड आहे, कुठे पातळ, कुठे सावलीची कड अजून भिजलेली आहे.

पण हात आजच्या सवयीचेच आहेत. धुकं दिसलं, काढ. गाय पाण्यात उतरली, काढ. ऊन कळसाला लागलं, काढ. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात मोजायचं, झाकण लावायचं. अर्ध्या तासात तीन काचा संपतात आणि पिशवीत नऊ उरतात.

मुक्काम तांबट आळीजवळच्या एका वाड्यात आहे. घरधनीण काकू जुन्या वळणाच्या, पण डोळे चौकस. मागची धान्याची कोठी त्यांनी तुम्हाला मोकळी करून दिली आहे. फटींना गोणपाट लावून तुम्ही तिथे अंधार केला आहे, आणि कंदिलाला लाल काच बसवली आहे.

“पाहुणे, पाणी कुठलं हवं म्हणालात? विहिरीचं की नदीचं?”

“गार असलं म्हणजे झालं, काकू.”

“मग मडकं रात्री अंगणात ठेवते. माघाची रात्र आहे, दुसरं काही करायला नको.”

तांबड्या उजेडात पहिली काच द्रावणात सोडता. आधी काहीच नाही. मग दुधाळ पृष्ठावर आकाशाच्या जागी काळोख धरू लागतो, कारण निगेटिव्हमध्ये सगळं उलट. हळूहळू कळस, तट, नदी. मडक्यातल्या गार पाण्यानं काच धुता, हायपोत ठेवता, पुन्हा धुता. माघाचं पाणी या कामाला उत्तम. काचेवरचा जिलेटीनचा थर घट्ट राहतो, कडा जागच्या जागी.

तिन्ही चित्रं नीट उतरली आहेत. पण घाटावर एवढी माणसं होती, ती कुठे गेली? जी हलत होती ती पुसली गेली. गाईच्या जागी धुरकट डाग आहे. एक म्हातारा तेवढा शेकोटीशी स्वस्थ बसला होता, तो राहिला आहे. या काचेला थांबलेलंच दिसतं. आणि तुम्हाला तर हलणारं टिपायचं आहे, तेही इतकं सावकाश हलणारं, की डोळ्यांनाही हललेलं कळत नाही.

बाहेर टुक, टुक, टुक असा आवाज चालू आहे. आळीत हंड्यांवर हातोडे पडत असतील असं वाटून तुम्ही अंगणात येता. आळी अजून जागी व्हायची आहे. आवाज येतो आहे पिंपळावरून. लाल कपाळाचा, हिरव्या अंगाचा तांबट पक्षी ऊन वाढत चालल्याची वर्दी देतो आहे. ज्या माणसांचं नाव त्याला मिळालं, त्यांच्याच आळीवर बसून.

वाटाण्याची गोष्ट

नाशकात सध्या एक नवा कारखाना आला आहे. लोक त्याला फाळक्यांचा कारखाना म्हणतात. तिथे हलती चित्रं तयार होतात.

धुंडिराज गोविंद फाळके इथलेच, त्र्यंबकेश्वरचे. जन्म १८७० चा. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाईचा धंदा, असं करत करत ते १९१२ साली विलायतेला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. गेल्या वर्षी, ३ मे १९१३ ला, मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड नाशकाला हलवलं. पौराणिक कथेला जे जे लागतं ते इथे उभंच आहे : नदी, घाट, देवळं, वाडे, अरण्य, डोंगर. ‘मोहिनी भस्मासुर’ इथेच झाला. यंदा ‘सत्यवान सावित्री’ची पाळी आहे.

दुपारी घाटावर त्यांच्या कॅमेऱ्याची घडवंची तुम्हाला लांबून दिसते. भोवती मुलांचा घोळका. एक बाई उन्हात पांढरीशुभ्र चादर ताणून धरून उभ्या आहेत, तिच्यावरून ऊन परतून नटांच्या चेहऱ्यावर पडावं म्हणून. या सरस्वतीबाई, फाळक्यांच्या पत्नी. दिवसा त्या उजेड धरतात, आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फितीच्या कडांना भोकं पाडतात, द्रावणं कालवतात, फिती धुतात, शिवाय घरातल्या सगळ्यांच्या जेवणाचं पाहतात. या कलेचा पहिला कारखाना एका बाईच्या मनगटावर उभा आहे, हे तुम्हाला चादर न हलू देणाऱ्या त्या दोन हातांकडे पाहून कळतं.

कारखान्यातला एक पोऱ्या तुमची पेटी पाहून जवळ येतो.

“दादा, तुमच्यात हलतं का हो?”

“नाही रे. एका वेळी एकच.”

“आमच्यातही एका वेळी एकच. पण एकामागं एक.” तो बोटांनी हवेत चौकटी करून दाखवतो. “वाटाण्याचं ऐकलंय का तुम्ही?”

आणि तुम्हाला वाटाण्याची गोष्ट कळते. ‘हरिश्चंद्र’ करायच्या आधी, हातात पैसा नसताना, मुंबईच्या घरात फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा मांडला. कॅमेरा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही. ठरावीक वेळानं एकच चौकट घ्यायची आणि थांबायचं. असं महिनाभराहून जास्त चाललं. मग ती फीत सेकंदाला सोळा चौकटींच्या वेगानं पडद्यावर सोडली, तेव्हा माती उकलून कोंब वर आला, पानं फुटली, वेल आधार शोधत वर चढला, सगळं मिनिटभरात. ते पाहून पैसे घालायला माणसं तयार झाली. त्याच सुमारास अतिश्रमांनी फाळक्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि उपचारांनी परत आली होती. अंधार पाहून आलेल्या माणसानं आधी काय पाहायचं ठरवलं, तर एका बीचं उगवणं.

संध्याकाळी कोठीत बसून तुम्ही उरलेल्या नऊ काचा मोजता. वाढ एका चित्रात मावत नाही. ती दोन चित्रांच्या मधे असते. म्हणून पाहणाऱ्यानं आपली जागा सोडायची नसते. तुम्ही ठरवता : फुटक्या कोपऱ्याची तीच पायरी, सूर्य तटावर आला की तीच वेळ, दर शुक्रवारी एक काच. सात शुक्रवारांच्या सात. उरलेल्या दोन वाट्टेल तेव्हा.

त्र्यंबकची वाट

दोन शुक्रवार होतात. शिवरात्रीला तुम्ही बैलगाडीतून त्र्यंबकला निघता. गाडीवान घोंगडीतून हात बाहेर काढून म्हणतो, आता थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाणार बघा. दरवर्षी सांगितलं जाणारं वाक्य, पण आज ते खरं होताना दिसतं. पहाटे निघालात तेव्हा बैलांच्या नाकातून वाफ येत होती. अंजनेरी डावीकडे उभी राहते तोवर गाडीवान उघड्या अंगानं बसला आहे.

रस्त्याच्या कडेला हरभरा घाटे धरून पिवळा पडतो आहे. गहू अजून हिरवा, पण लोंबीच्या टोकांना ऊन चिकटलेलं. शेवगा पांढऱ्या फुलांनी भरला आहे. आणि मग, एका उताराच्या वळणावर, पळस.

पान एक नाही. राखाडी, वेडीवाकडी खोडं, आणि त्यांच्यावर केशरी-लाल फुलांचा भडका, जणू कोणी निखारे फांद्यांवर ओळीनं मांडले आहेत. पलीकडे काटेसावर, तिची मोठी लाल फुलं टपटप पडताहेत. नाशिकच्या पश्चिमेकडचा वसंत हिरव्यातून येत नाही, लालातून येतो. हरसूल-पेठकडच्या बाया डोक्यावर पत्रावळींच्या पानांचे भारे घेऊन चालल्या आहेत. एकीच्या पाटीत पळसफुलंही आहेत, होळीच्या रंगासाठी.

तुम्ही गाडी थांबवता. राखलेल्या दोनांपैकी एक काच इथेच. झाकण काढता, मोजता, लावता. आयुष्यात इतकं सुंदर काही टिपलं नाही, असं वाटतं.

याच वाटेवर, याच डोंगरांखाली फाळकेही कधी आपला कॅमेरा घेऊन उभे राहिले. नाशिक-त्र्यंबकच्या देखाव्यांची एक छोटी फीत त्यांच्या नावावर आहे. कथा नाही, नट नाहीत. आपल्या जन्मगावाचा रस्ता, एवढाच विषय. लहानपणी ज्या वाटेनं आपण चाललो, ती हलताना पडद्यावर पाहावी, ही ओढ तुम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

रात्री काच धुता. वाळवता. सकाळी उन्हात कागदावर छाप काढता. आणि पाहत राहता.

शेवगा शुभ्र उतरला आहे. आकाश कोरं पांढरं. आणि पळस काळा. ठार काळा. फांद्याफांद्यांवर जणू कावळे बसले आहेत.

चूक कोणाची नाही. या काचेला निळं दिसतं, जांभळं दिसतं, फार तर हिरव्या-पिवळ्याची थोडी चाहूल लागते. लाल तिला दिसतच नाही. म्हणून तर लाल कंदिलाच्या उजेडात ती उघडता येते, धुता येते. तिच्या दृष्टीनं तो अंधारच. ज्या आंधळेपणामुळे कोठीत तुमचं काम सोपं झालं, त्याच आंधळेपणानं पळस गिळला. फाळक्यांच्या फितीचीही हीच गत. त्यांच्या पडद्यावरचं शेंदूर माखलेलं दैवत काळं, कपाळीचं कुंकू काळं.

काकू छाप हातात घेऊन उजेडाकडे धरतात.

“पळस ना हा? कळीवरचा दिसतोय.”

तुम्ही चमकता. पळसाची कळी खरंच काळपट तपकिरी असते, मखमली. आत निखारा आहे हे बाहेरून कळतही नाही. काचेनं तुमच्या उमललेल्या फुलांना पुन्हा कळ्या करून ठेवलं आहे.

फाल्गुन

होळी जळाली, थंडी पळाली. तुमच्या पायरीवर आता पहाटे बसवतं. नदीवरचं धुकं अजून येतं, पण ऊन पडताच विरतं. रात्री अंगणातलं मडकं पूर्वीइतकं गार होत नाही.

रंगपंचमीच्या आदल्या दिवसांत जुन्या नाशकात आणि पंचवटीत चौकाचौकांतून फळ्या निघू लागतात. वर्षभर मातीखाली झाकलेल्या दगडी हौदांवरच्या या फळ्या. हे हौद म्हणजे रहाडी. पेशवेकाळापासूनच्या म्हणून सांगतात. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, ज्या त्या रहाडीचा रंग ठरलेला. फुलं, पानं, साली उकळून तो करायचा. मोठ्या कढया चढल्या आहेत, वाफेला फुलांचा आंबूस वास आहे. बायांनी पाटीत नेलेली ती फुलं कुठे पोचली, ते आता तुम्हाला कळतं. आधी पूजा होते. मग पहिला गडी काठावरून अंग झोकून देतो. धप्पा! दोन्ही बाजूंनी पाण्याची भिंत उसळते, आणि काठावरचे सगळे केशरी होऊन जातात.

उरलेली ती एकटी काच तुम्ही इथे वापरता. काय होणार ते माहीत असूनही. छापावर हौदातलं पाणी काजळासारखं उतरतं, माणसं सावल्यांसारखी, आणि उडी मारणारा गडी तर नाहीच. त्याच्या जागी हवेत एक पुसट रेघ आहे, वरून खाली येणारी.

तरी हा छाप तुम्ही फेकत नाही. काठावरच्या एका म्हाताऱ्याचा चेहरा मात्र लख्ख आला आहे. तो हलला नाही. डोळे मिटून, रंगाचे शिंतोडे तोंडावर घेत, तो उभा होता. रंग दिसत नाही. रंग अंगावर घेणारा माणूस दिसतो.

सहाव्या शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही तोवरच्या सहा काचा कोनाड्याच्या कडेला ओळीनं उभ्या करता. पहिलीपासून शेवटचीपर्यंत नजर फिरवता. आणि पहिल्यांदा ते हलतं.

नारोशंकराच्या तटावरच्या छत्रीची सावली. पहिल्या काचेत ती घाटाच्या डाव्या अंगाला आहे. दुसरीत जरा उजवीकडे. तिसरीत आणखी. सूर्य माघात पंचवटीच्या उजव्या टोकाकडून, आग्नेयेकडून उगवत होता. दर आठवड्याला तो आपल्या पाच रुंद्यांहूनही अधिक डावीकडे सरकला, आणि तेवढीच सावली उलट दिशेला. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. माघातल्या पहिल्या शुक्रवारपासून पाडव्यापर्यंत सूर्याची उगवती जवळजवळ पावणेदोन मुठी उत्तरेला जाते. तुम्ही रोज तिथे होता, रोज पाहत होता, आणि सूर्य सरकताना तुम्हाला कधी दिसला नाही. सहा काचांनी तो सरकवून दाखवला.

सावलीबरोबर बाकीचंही हलतं. पाण्याची रेघ खडकावरून खाली उतरते. शेकोटीची राख दोन काचांत आहे, मग नाही. पिंपळाची फांदी चौथीत उघडी पडते, सहावीत तिच्यावर पालवीची धूसर लव आहे. पालवीची लाली काचेला दिसलेली नाही, पण पालवीला आकार आहे, आणि आकार लपत नाही. कुठल्याही एका काचेत वसंत नाही. पहिली आणि सहावी यांच्या मधल्या रिकाम्या कोनाड्यात तो उभा आहे.

चैत्र

सातवा शुक्रवार पाडव्याचा. घरोघरी गुढ्या, कडुलिंबाची कोवळी तांबूस पानं, गुळाबरोबर त्यांचा कडू घास. सुंदरनारायणाच्या देवळाकडे पहाटेपासून माणसं जाताहेत. पूर्वेला तोंड करून उभं असलेलं हे मंदिर १७५६ चं. दिवस-रात्र समसमान होतात त्या सुमारास उगवतीचं पहिलं ऊन थेट मूर्तीवर येतं, असं इथे सांगतात. तुम्हाला त्याचं नवल वाटत नाही. सात शुक्रवार ज्यानं सावली मोजली, त्याला कळतं की ज्यांनी ते देऊळ बांधलं, तेही कधीतरी एकाच जागी उभं राहून उगवती पाहत राहिले असणार.

शेवटची काच. फुटक्या कोपऱ्याची पायरी. सावली आता घाटाच्या उजव्या अंगाला पोचली आहे. झाकण काढता. मोजता. लावता.

दुपारी कोठीत शिरता तेव्हा आत भट्टी आहे. मडक्यातलं पाणी हाताला कोमट लागतं. तुरटी घालायला हवी होती. तुरटीनं जिलेटीन घट्ट होतं हे तुम्ही ऐकलं होतं, पण मागच्या सहा वेळा गरज पडली नाही. लाल उजेडात चित्र येतं, नारोशंकर येतो, छत्री येते, पिंपळाची पालवी येते. आणि धुताना, तुमच्या डोळ्यांदेखत, डावीकडची कड सुटते. थर फुगतो, झालर पडल्यासारखा दुमडतो, काचेवरून हळूच घसरतो. घाटाच्या पायऱ्या लाटा होतात. नदी पायऱ्यांवर चढते. तुम्ही काच आडवी धरून श्वास रोखता, आणि उरलेलं तेवढं जागच्या जागी वाळतं.

काकू दारात आहेत. “बिघडली का हो?”

तुम्ही उत्तर देत नाही. सातवी काच सहावीच्या शेजारी उभी करता. सहा काचांत वसंताची वाट आहे. पण त्या सहाही काचांना तो बाहेरून दिसला, तोही लाल वगळून. सातव्या काचेला तो स्वतः भेटला आहे. पळस ज्या उन्हानं पेटला, कडुलिंब ज्या उन्हानं पालवला, त्याच उन्हानं मडक्यातलं पाणी कोमट केलं आणि काचेला हात लावला. जे तिला दिसत नव्हतं, ते तिला झालं.

“नाही, काकू,” तुम्ही म्हणता. “चैत्र लागला.”

१६ फेब्रुवारी १९४४

पुलावरून परतताना एके ठिकाणी पाय अडतो. साल पुन्हा बदललेलं आहे. माघच आहे, थंडी तीच, नदीवर धुकंही तेच. पण युद्ध चालू आहे, कच्ची फीत मोजून मिळते. मधल्या तीस वर्षांत फितीला लाल दिसू लागलं. १९२० च्या दशकात ती सुधारणा सगळीकडे पसरली. मूक पडदा बोलू लागला. फाळक्यांचा शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ १९३७ साली येऊन गेला, त्यांचा पहिला आणि एकमेव बोलपट. शंभराच्या आसपास चित्रपट करून ते नाशकातच विसावले.

आज ते गेले. त्र्याहत्तर वर्षांचे होते.

तुम्ही त्र्यंबकच्या वाटेवरच्या त्या उतारावर जाऊन उभे राहता. पळस अजून उमललेला नाही. फांद्यांवर मखमली कळ्या आहेत, काळ्याभोर. तुमच्या १९१४ च्या छापात होत्या अगदी तशा. आता त्यांच्यातला लाल टिपू शकेल अशी फीत जगात आहे. तो यायला आठ-पंधरा दिवस आहेत, आणि वाटाण्यासमोर महिनाभर थांबलेला माणूस आता थांबायला नाही. त्याच्या वाट्याचं थांबणं दुसऱ्या कोणाला तरी करावं लागेल.

पायरी

गाड्यांचा आवाज परत येतो. खिशात फोनचं वजन परत येतं. सूर्य अजून तटावर यायचा आहे, म्हणजे सगळं मिळून फार वेळ गेलेला नाही.

तुम्ही पुलावरून खाली उतरता. घाट बदलला आहे, काठ बदलले आहेत, समोर उंच इमारती आहेत. पण नारोशंकर जागेवर आहे, आणि त्याच्या तटावरची छत्री. पायऱ्यांवरून हात फिरवत जाता. डावा कोपरा फुटलेली पायरी ही की ती, नक्की सांगता येत नाही. मग एक निवडता आणि तिच्यावर उभे राहता.

हात लांब करून मूठ धरता. उगवती पंचवटीच्या उजव्या टोकाला आहे. छत्रीची सावली घाटाच्या डाव्या अंगाला पडायला सुरुवात होते. कुठेतरी पिंपळावर टुक, टुक, टुक चालू आहे.

पहाटेचे चाळीस फोटो तुम्ही पुसत नाही, पण त्यांत भरही घालत नाही. फोन छातीशी घट्ट धरता, सावली तटावरून पहिल्या पायरीला टेकेपर्यंत थांबता, आणि एकच चित्र घेता. करडा दगड, करडं पाणी, सावलीची एक रेघ. कोणाला दाखवलं तर यात काय आहे असं विचारतील.

अजून काहीच नाही. पुढच्या शुक्रवारी दुसरं चित्र याच्या शेजारी लागेल, तेव्हा दिसायला लागेल.